कोरी पट्टी

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. 'वन्सं' म्हटलं की आपण कुणीतरी खाष्ट म्हातारी असल्यासारखं वाटतं असं तुम्ही म्हणता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

या गाडीतून पट्ट्यांची नवी खोकी पाठवते आहे. तुमच्या छावणीत फोन लागत नाही आणि गाडी आठवड्यातून दोनदाच येते, तेव्हा यापुढे आपलं बोलणं खोक्यांबरोबरच होणार. एका अर्थी बरं आहे. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही.

आता कामाचं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पाव तासात मलेरिया आहे की नाही ते सांगणाऱ्या ज्या पट्ट्या तुम्ही दवाखान्यात वापरता, त्या कितपत खरं बोलतात हे तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं आहे. नेहमीच्या मलेरियात त्या ठीक आहेत. पण जंगलातल्या माकडांना चावलेला डास माणसाला चावला की जो मलेरिया होतो, तो त्यांना धड ओळखता येत नाही. आमचं मशीन म्हणतं 'आहे', पट्टी म्हणते 'नाही'. हे एखाद्या वेळी झालं असतं तर मी नशिबाला दोष दिला असता. ते वारंवार होतं आहे, आणि जिथे झाडतोड चालू आहे तिथल्याच नमुन्यांत होतं आहे. तुमची छावणी तशाच जागी आहे. म्हणून मला चैन नाही.

एवढं करा. ताप असलेल्या प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब सोबतच्या जाड कागदावर घ्या, वाळवा, नंबर घाला आणि पाठवा. पट्टीवर रेघ आली तरी पाठवा, कोरी राहिली तरी पाठवा. नावं नकोत, तो आमचा नियम आहे. वय आणि काम पुरे.

आणि तुमच्या लाडक्या भावाला सांगा, बायकोला पत्र लिहिल्याने मोजणीची साखळी तुटत नाही. ही नोकरी तुम्ही त्याला मिळवून दिलीत तेव्हा मी गप्प बसले. रस्त्याची आखणी, चार महिन्यांचं काम, थोरली बहीण तिथेच, सगळं पटलं. तरी घरातला नळ गळतो आहे आणि मी एकटी त्याच्याकडे बघत बसते.

तुमची,
वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनीबाई,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. नळाला चामड्याची चकती लागते, ती बदलायला नवरा लागत नाही.

खोकी मिळाली. तुझं मशीन हुशार असेल, पण ते गार खोलीत बसतं. माझा दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, एक खाट, एक फ्रीज आणि दाराबाहेर बाक. त्या बाकावर तापाने फणफणलेली माणसं बसतात आणि त्यांच्यामागे मुकादम उभा राहतो. पट्टीवर दोन रेघा आल्या की तो माणूस खाटेवर जातो. एकच रेघ आली, म्हणजे पट्टी चालते आहे एवढंच सांगणारी, की मी म्हणते कोरी आहे, साधा ताप, दोन दिवस आराम कर. सगळ्यांना ते समजतं. मुकादमालाही समजतं, आणि तो माणूस समजण्यातला नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांचाही नियम तोच आहे, रेघ नाही तर गोळी नाही. आता तू म्हणतेस कोऱ्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. मग मी कशावर ठेवू, ते पण लिही.

वीस वर्षं मी ताप बघते आहे. इथे यायच्या आधी दोन हंगाम गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाच्या साथीत काढले, माणसांच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्याने उपटून काढल्या. मला घाबरवायला तुला जास्त मेहनत घ्यावी लागेल.

तरी थेंब घेते आहे. पहिले सहा पाठवले आहेत.

माकडं आहेत, भरपूर आहेत. काल माझा साबण नेला आणि झाडावर बसून वास घेत होती. तुझा नवरा त्यांच्याकडे बघून म्हणाला, घरी पण माझ्या वस्तू अशाच जातात. लंबू बरा आहे. संध्याकाळी माझ्याकडे जेवतो. त्या बुटक्या दारातून आत येताना रोज डोकं आपटतो आणि रोज दारालाच रागावतो. इथे सगळेच त्याला लंबू म्हणायला लागले आहेत. ते मी पसरवलं, कबूल आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

वन्सं,

नळ दुरुस्त केला. आता दुसऱ्या खोलीतला गळतो आहे.

तुमच्या सहा थेंबांतला चार नंबर, झाडतोडीवरचा माणूस, पट्टी कोरी. मशीनने त्यात माकडांकडून येणारा मलेरिया काढला. तो माणूस कुठे आहे? त्याला आराम करायला पाठवलं असेल तर परत बोलवा आणि मलेरियाच्या गोळ्या द्या. मी आनंदाने लिहीत नाही हे. माझं बरोबर निघालं म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही इथे.

तुम्ही विचारलंत, कशावर विश्वास ठेवू. पट्टीवर रेघ आली तर तिच्यावर ठेवा. रेघ आली नाही तर तिने काहीच सांगितलं नाही असं धरा. रक्तात जंतू थोडे असले तर ते तिच्या हाताला लागत नाहीत, आणि ती मुळात या मलेरियासाठी बनवलेलीच नाही. पण जंतू थोडे आहेत म्हणून दोन दिवस थांबता येत नाही. हे रोजच्या रोज वाढतात. नेहमीच्या मलेरियात ताप एक दिवस सोडून येतो, याचा रोज येतो. आज चालत आलेला माणूस चार दिवसांनी लघवी बंद होऊन पडलेला असू शकतो. जंगलात काम आणि ताप, एवढ्यावर गोळ्या सुरू करा. डॉक्टरांनाही मी वेगळं लिहिलं आहे, पण ते उत्तर कधी देतील देव जाणे.

त्याचं पत्र अजून नाही. नेहमी तो पत्रात कोपऱ्यात रस्त्याची वाकडी रेघ काढतो आणि खाली लिहितो, इथे आज पोचलो. ती रेघ तरी पाठवा म्हणावं. सरळ विचारते, तो बरा आहे ना?

वहिनी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत आहे, गाडी दारात आहे.

चार नंबरला गोळ्या दिल्या, तो उठून बसला आहे. सात ते अकरा पाठवते आहे. त्यात अकरा नंबर जरा आधी बघशील का? मोजणीच्या टोळीतला माणूस आहे. पट्टी मी दोनदा लावली, वेगवेगळ्या खोक्यांतली. दोन्ही कोऱ्या. मला साधाच ताप वाटतो, पण तू बघ. पहिला बघ.

गोळ्यांचं म्हणशील तर डॉक्टरांचं उत्तर नाही, आणि चार नंबरला दिल्या त्यावरूनच मुकादमाने वर तक्रार केली आहे. अकरा नंबरचं कळलं की देते.

लंबू मजेत आहे. घसा बसलाय थोडा, म्हणून लिहायचा कंटाळा करतो.

ताई


२३ फेब्रुवारी

वन्सं,

दोन ओळीच लिहिते, गाडीवाला हॉर्न वाजवतो आहे. अकरा नंबर: माकडताप. ताबडतोब उपचार सुरू करा, वाट बघू नका. बाकी चौघे स्वच्छ.

आणि घसा बसल्यावर लिहिता येत नाही हे मला नव्यानेच कळलं. त्याला सांगा, मी त्याच्या घशाला नाही, हाताला विचारते आहे.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

आधी हे वाच, मग मला काय बोलायचं ते बोल. अकरा नंबर म्हणजे लंबू.

ताप येऊन बरेच दिवस झाले. तो म्हणाला तिला कळवू नकोस, ती सगळं टाकून धावत येईल. मी ऐकलं. तुझी चिठ्ठी काल हातात पडली. माकडतापाला औषध नाही हे मला तू सांगायला नको. साथीत जे केलं ते सगळं करते आहे. त्याचे सगळे कपडे उतरवून शिवणीशिवणीतून बघितलं, काखा बघितल्या, केसांतून फणी फिरवली. एकही गोचीड नाही. चावून गळून पडली असेल. सलाइन लावलं आहे, तापाची गोळी देते, दर थोड्या वेळाने हिरड्या बघते रक्त येतंय का. लाकडाच्या ट्रकमधून तुझ्याकडे पाठवावं असं मनात आलं होतं. पण माकडतापात आतून रक्त सुटतं, असल्या माणसाला खड्ड्यांतून आदळत नेऊ नये असं आम्हाला शिकवलं होतं. मला धीर झाला नाही.

डोळे पिवळे दिसतात. लघवी चहासारखी. माकडतापात असं मी पाहिलं नव्हतं, पण प्रत्येकाचं वेगळं असतं.

तो तुझं नाव घेतो. मी त्याला सांगितलं, येते आहे. मला खोटं पाडू नकोस. हे पत्र ट्रकवाल्याकडे देते आहे, तो थेट तुझ्या प्रयोगशाळेच्या दारात थांबेल.

ताई


२५ फेब्रुवारी

वन्सं,

माकडताप नाही. मलेरिया आहे. माकडांकडून येणारा मलेरिया, ज्याच्याबद्दल मी पहिल्या पत्रापासून लिहिते आहे. गोचिडी शोधू नका. मलेरियाच्या गोळ्या द्या, आत्ता, पुढचं वाचायच्या आधी.

दिल्या? उलटी झाली तर पुन्हा द्या.

इथे आम्ही सगळे त्याला माकडताप म्हणतो. लांब नाव कोण घेणार म्हणून. मशीनजवळ उभं राहून दिवसभर म्हणतो, हा माकडताप, तो माकडताप. दुसराही एक माकडताप आहे हे मला माहीत होतं. तुम्ही त्याच्या साथीत होता हे तर तुम्ही स्वतः लिहिलं होतं. तरी माझ्या हाताने तोच शब्द लिहिला.

हा कागद मोटारसायकलवाल्याबरोबर पुढे पाठवते आहे. मी डॉक्टर आणि रुग्णवाहिका घेऊन मागून निघते आहे. त्याला सांगा मी खरंच येते आहे.

वहिनी


११ मार्च

वन्सं,

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून लिहिते आहे. इथल्या बाकाचा एक पाय आखूड आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

आज सकाळी त्याला मोकळी लघवी झाली. नर्सने भांडं उचलून दाखवलं आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले. लग्न ठरलं तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता, त्याला सांगू नका. मूत्रपिंडाचं मशीन काढलं आहे. कावीळ उतरते आहे. डॉक्टर म्हणतात धोका टळला, पण ते म्हणताना कागदाकडे बघतात, म्हणून माझा अजून पूर्ण विश्वास नाही. दिवसभर उठते, बसते, दारापर्यंत जाते, परत येते.

छावणीत आले तेव्हा आपण दोघी धड बोललोच नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, गोळ्या दिल्यात. मला वाटलं माझा कागद पोचला. परवा तो मोटारसायकलवाला भेटला. त्याची गाडी वाटेत बंद पडली होती, कागद त्याच्या खिशातच राहिला. मग लंबूला विचारलं. तो म्हणाला, ताप उतरला की मी उठून चहा मागायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा दात वाजायला लागायचे. ताई बघत बसली होती. मग एकदम उठली आणि म्हणाली, माकडताप असा सुट्टी घेत नाही, हे तिने लिहिलंय तेच आहे. आणि गोळ्या दिल्या. म्हणजे पट्टी नाही म्हणत होती, माझी चिठ्ठी भलतंच म्हणत होती, डॉक्टरांचा नियम होता, आणि तुम्ही दिल्यात.

हे सगळं मला कळतं. तरी मी तुमच्यावर रागावलेली आहे. अकरा नंबर कोण ते तुम्ही लिहिलं असतं तर मी हॉर्नला घाबरून दोन ओळींची चिठ्ठी पाठवली नसती. मी स्वतः आले असते. तुम्ही मला मजेत आहे असं लिहिलंत, वन्सं. मी ते पत्र उशाशी ठेवलं होतं.

आणि स्वतःवर त्याहून जास्त रागावलेली आहे. पट्टीने निदान काही न बोलता चूक केली. मी अक्षरात लिहून केली.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लघवीचं वाचून मी बाकावरच्या माणसांना चहा पाजला. कशासाठी ते सांगितलं नाही.

रागाव. तुझा हक्क आहे. मी खोटं कारण लिहिलं तुला. मी लपवलं ते त्याने सांगितलं म्हणून नाही. तो तर लहानपणापासून काहीही सांगतो. तुला कळलं असतं तर तू त्याला घेऊन गेली असतीस, हे खरं कारण. इतक्या वर्षांनी माझा भाऊ रोज माझ्या समोर बसून जेवत होता. दोन पट्ट्या कोऱ्या आल्या तेव्हा मला खरं म्हणजे बरं वाटलं. आता तो साधा ताप, आता तो इथेच राहील. मला पट्टीवर विश्वास ठेवायचा होता म्हणून मी ठेवला. तुझी माफी मागते. मागायची सवय नाही, त्यामुळे शब्द ओबडधोबड आहेत.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कोरी पट्टी दाखवून मी कुणाकुणाला आराम करायला पाठवलं, ते आठवत बसते. स्वयंपाकघरातली बाई होती, ती तापातच गावी गेली. तिचा पत्ता मुकादमाकडून काढला. ती बरी आहे, भावाच्या घरी पाणी भरते आहे. बाकीच्यांनाही शोधते आहे.

डॉक्टर येऊन गेले. लंबूचं झाल्यावर त्यांचा नियम मऊ पडला आहे. जंगलात काम आणि ताप, तर कोऱ्या पट्टीवरही गोळ्या.

आणि एक सांगायचं आहे, ते तुला आवडणार नाही. इथे लोक आता याला 'लंबूचा ताप' म्हणतात. बाकावर बसता बसता म्हणतात, बाई, पट्टी राहू द्या, लंबूचा आहे का ते बघा. मुकादमसुद्धा म्हणतो. मी दवाखान्याच्या पाटीवर तसं लिहू का?

ताई


२२ मार्च

वन्सं,

नको.

त्याला कालच घरी आणला. जिना चढताना दर वळणावर थांबत होता आणि दम मलाच लागलाय, तो माझ्यासाठी थांबलाय असं दाखवत होता. तो माझा नवरा आहे. त्याचं नाव तापाला देऊ नका. उद्या कुणी त्या तापाने गेलं तर ते नाव माझ्या हाताने कागदावर लिहावं लागेल. मला ते जमणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत मी माकडताप हा शब्द बंद करवला आहे. दर वेळी पूर्ण नाव घ्यायचं, कितीही लांब असलं तरी. सगळे वैतागलेत. वैतागू देत.

पट्ट्यांच्या तपासणीत त्याचा नमुना मोजावाच लागला. एका रकान्यात पट्टीचं 'नाही', शेजारच्या रकान्यात मशीनचं 'आहे'. माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही तो कोण ते. मी तो रकाना भरला आणि उठून हात धुऊन आले.

तुमची माफी पोचली. माझ्याकडून थोडा वेळ लागेल, पण होईल. इथे या. तो तुमच्या हातचं मागतो आहे आणि माझ्या हातचं तसंच टाकून ठेवतो आहे.

वहिनी


९ मे

वन्सं,

गाडी उभी आहे. आज मीच तिला थांबवून ठेवली आहे.

गाडीवाला चिठ्ठी हरवू शकतो, म्हणून निकाल त्याला तोंडीही सांगायचा असं आता ठरवलं आहे. मी त्याला नीट म्हटलं, माकडांकडून येणारा मलेरिया. म्हण पाहू. तो म्हणाला, कळलं, माकडताप. पुन्हा म्हटलं, सावकाश. तो पुन्हा म्हणाला, हो हो, माकडताप. पुढच्या दोन छावण्यांतही तोच निरोप पोचवतो, आणि एका ठिकाणी गेल्या आठवड्यात एका माणसाचे कपडे काढून गोचिडी शोधल्या गेल्या. त्याच्यापर्यंत गोळ्या उशिरा पोचल्या. तो वाचला नाही.

मी घरी जाऊन लंबूला सांगितलं. तो म्हणाला, शाळेपासून ते नाव माझ्या मागे आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

गाडीवाल्याला आज तो शब्द सांगितला. त्याने एकदाच ऐकला आणि म्हणाला, म्हणजे गोळ्या लगेच, पट्टी काही का म्हणेना.

अठरा आणि वीस नंबर: लंबूचा ताप. गोळ्या आजच. पाटीवर लिहा.

वहिनी